वेगमर्यादा सांगणारे अ‍ॅप : दंड वाचवायला की जीव?

कळंबमधल्या एखाद्या घरातून पहाटे पुण्याला निघायचे ठरले, की हल्ली गाडीत सर्वांत आधी मोबाइल बसतो. डबे, पिशव्या, आजींची औषधे नंतर. पडद्यावर रस्ता उमटतो आणि खाली पोहोचण्याची वेळ दिसते. गाडी जंक्शनच्या चौकात येऊन बारामतीच्या दिशेने वळेपर्यंत चालकाची त्या आकड्याशी शर्यत सुरू झालेली असते. ‘सव्वानऊ दाखवतोय, आपण नऊलाच पोहोचू,’ असे कोणीतरी म्हणतेच. इथूनच आरोग्याचा प्रश्न सुरू होतो.

नकाशाचे अ‍ॅप निवडताना लोक जवळचा रस्ता, वाहतूक कोंडी आणि टोल पाहतात. ते वेगमर्यादा सांगते का, मर्यादा ओलांडली की आवाज देते का, हे क्वचितच पाहिले जाते. वास्तविक अपघात विभागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारले, तर तो हाच निकष पहिला ठेवील.

त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेले, तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण धडकेची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. गाडी थांबली तरी आतले शरीर पुढे जात राहते, शरीर पट्ट्याने थांबले तरी त्यातले अवयव पुढे जात राहतात. मेंदू कवटीवर आदळतो, यकृत आणि प्लीहा फाटतात, हृदयातून निघणारी महाधमनी वळणापाशी चिरते. बाहेर खरचटलेलेही नसते आणि पोटात रक्तस्राव चालू असतो. पट्टा आणि एअरबॅग ही ऊर्जा वाटून देतात, नाहीशी करत नाहीत. ती कमी करण्याचा एकच मार्ग, मुळात कमी वेग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते. पादचाऱ्याला बसणारी धडक ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटरने बसली, तर त्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी नोंदींत यातील दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग आहे. डेंग्यू किंवा स्वाइन फ्लूने यातली काही हजार माणसे गेली असती, तर गावोगावी दवंडी पिटली गेली असती.

मग अ‍ॅपचा उपयोग होतो का? होतो, पण ते काय जाणते आणि काय जाणत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोबाइल उपग्रहांच्या संकेतांवरून आपला वेग काढतो. तो गाडीच्या काट्यापेक्षा थोडा कमी दिसतो. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने उत्पादक तो किंचित पुढेच ठेवतात. काटा ८० वर आणि मोबाइलवर ७६ दिसले, म्हणून आणखी चार किलोमीटरची सूट मिळाली असे नव्हे.

वेगमर्यादेचा आकडा मात्र रस्त्यावरच्या फलकावरून नव्हे, नकाशात कोणीतरी भरून ठेवलेल्या माहितीतून येतो. गुगल मॅप्सने वाहतूक पोलिसांकडून मिळालेल्या वेगमर्यादा दाखवण्याची भारतातली सुरुवात २०२२ मध्ये बंगळूरुपासून केली. मॅपमायइंडियाचे ‘मॅपल्स’ अपघातप्रवण जागा, गतिरोधक आणि तीव्र वळणे यांची सूचना देते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय आणि आयआयटी मद्रास यांच्या सहकार्याने ही सोय डिसेंबर २०२१ मध्ये आली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या २०२३ मधल्या ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅपमध्येही वेगमर्यादेचा इशारा आहे. पण मोठी शहरे आणि महामार्ग सोडून गाडी कळंबकडे वळली, की मर्यादेची चौकट रिकामी दिसण्याची शक्यता वाढते. रिकामी चौकट म्हणजे मोकळीक नव्हे. अ‍ॅपला ठाऊक नाही, एवढाच तिचा अर्थ.

शिवाय वाहनागणिक मर्यादा बदलते. मोटारीला चालणारा वेग मालट्रक, रिक्षा किंवा दुचाकीला चालतोच असे नाही. पिकअप चालवणाऱ्याने मोटारीसाठीचा आकडा आपला मानला, तर अ‍ॅप गप्प राहते आणि नियम मोडलेला असतो.

आणि इंदापूर तालुक्यातला सर्वांत मोठा धोका कोणत्याच नकाशात नाही. गळीत हंगामात संध्याकाळ झाली, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांनी झाकलेला. डिपरवर समोरचे ४०-५० मीटर नीट दिसते. ताशी ६० वेगात अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे ४५ मीटर लागतात, ८० ला सुमारे ७०, आणि १०० ला जवळपास १००. म्हणजे ८० च्या वेगात ट्रॉली दिसली, तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. फलकावरची मर्यादा ८० असली तरीही. पहाटे दुधाचे कॅन लावून निघालेली दुचाकी, कडेने चालणारी ऊसतोड मजुरांची मुले, पालखीच्या दिवसांतले वारकरी, यांनाही अ‍ॅप ओळखत नाही. मर्यादा म्हणजे त्याहून पुढे जाऊ नका अशी रेषा. तिथवर पोहोचलेच पाहिजे असे उद्दिष्ट नव्हे.

अ‍ॅप निवडताना म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते मर्यादेचा इशारा देते की फक्त कॅमेऱ्याचा? केवळ कॅमेरा दाखवणारे अ‍ॅप माणसाला कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबायला शिकवते. त्याने दंड वाचतो, पुढच्या वळणावरचा जीव वाचत नाही. दुसरी, इशारा आवाजात मिळतो का आणि मराठी आवाज निवडता येतो का? पडद्यावर लाल झालेला आकडा पाहायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. ८० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली, तर गाडी ४४ मीटर आंधळी धावते. तिसरी, इशारे नेमके आहेत का? अतिदक्षता विभागात यंत्रे सतत वाजू लागली, की अनुभवी परिचारिकेचेही कान त्यांना सरावतात आणि खरा इशारा निसटतो. गाडीतही तसेच होते. १ जुलै २०१९ नंतरच्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी घंटा आहेच. गाणी मोठ्याने लावून ती बुजवणारेही आहेत. चौथी, रेंज नसताना चालेल असा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो का?

कायदाही लक्षात ठेवावा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार वाहन चालवताना मोबाइलचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता मोडणार नाही अशाच पद्धतीने करता येतो. मोबाइल स्टँडवर लावावा, पत्ता निघण्यापूर्वी घालावा, मध्ये काही बदलायचे तर गाडी कडेला घ्यावी. दुचाकीस्वारांनी हँडलवरच्या पडद्याच्या नादी न लागलेलेच बरे. देशात रस्त्यावर सर्वाधिक मृत्यू त्यांचेच होतात.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे तशी सक्ती होईल तेव्हा होईल. तोवर मोफत मिळणारे अ‍ॅप वापरायला हरकत नाही, वापरावेच. पण गावात शिरतानाचा वेगफलक, शाळेपुढचा गतिरोधक आणि ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर ही कामे ग्रामपंचायत, बांधकाम विभाग आणि साखर कारखान्यांची आहेत. ती मोबाइलवर ढकलून चालणार नाही.

राहिला पोहोचण्याच्या वेळेचा प्रश्न. ३० किलोमीटरचे अंतर ६० च्या वेगाने अर्ध्या तासात कापले जाते, ८० ने साडेबावीस मिनिटांत. बचत साडेसात मिनिटांची, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. वाटेतल्या चौकांत आणि बाजारात यातली बरीच परत जाते. पुण्याला निघालेल्या त्या घराने म्हणून एक सोपी गोष्ट करावी. निघताना अ‍ॅपमध्ये वेगाचा इशारा सुरू करावा आणि तो वाजला की चालकाला टोकण्याचा हक्क मागे बसलेल्या आजींना द्यावा. आजींचा आवाज गाण्यांनीही बुजत नाही.