किती गेले ते कोरलं, कशाने मेले ते कुणी लिहायचं?

सातारा-सांगलीत सभा कुठलीही असो, वक्ता एकदा तरी म्हणतोच, ही सैनिकांची भूमी आहे. आहेच. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले असं सांगितलं जातं. तेव्हा आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते. या पट्ट्यात जुन्या संगमरवरी पाट्या आहेत : गावातून इतके महायुद्धाला गेले, इतके मेले. कशाने मेले, हे पाटी सांगत नाही. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या आणि कूतच्या वेढ्यात सापडल्या. त्याआधी नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईतले जखमी नदीतून बोटींवर खच्चून बसऱ्याला पाठवले गेले. ना अंथरूण, ना मलमपट्टी, हगवणीने भरलेली माणसं एकमेकांवर पडलेली. वरिष्ठांनी मात्र तार केली की जखमींची व्यवस्था उत्तम आहे! कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, तर गप्प बस, नाहीतर जहाजाची जबाबदारी काढून घेऊ, अशी धमकी त्यालाच मिळाली. १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात हे सगळं आहे.

आता स्कर्व्ही. हा गोळीने होत नाही, ताजा भाजीपाला न मिळाल्याने होतो. गोऱ्यांचा शिधा वेगळा, आपल्या शिपायांचा वेगळा. शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं, म्हणून दोष त्यांच्या सोवळ्याचा, असं कूतबद्दल सांगितलं जातं. सोवळ्याने माणसं मरतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण कूत एप्रिल १९१६ मध्येच पडलं. त्यानंतरच्या सहा महिन्यांत अकरा हजारांवर भारतीय सैनिकांना स्कर्व्ही झाला, तेव्हा कुठला वेढा होता? दोष शिध्याच्या तक्त्याचा होता, आणि तो तक्ता शिपायांनी लिहिला नव्हता.

ही झाली शिपायांची गोष्ट. त्यांच्या मागे भिस्ती, मेहतर, साईस, डोलीवाले, हमाल होते. पहिल्या महायुद्धात भारतातून असे साडेपाच लाखांहून अधिक लोक भरती झाले. सरकारी शब्द ‘फॉलोअर’. मेहतरकामाला कोणत्या जाती घेतल्या जात हे या ब्लॉगच्या वाचकाला सांगावं लागत नाही. कॉलरा-हगवणीच्या छावणीत संडास साफ करणारा आधी आजारी पडणार. त्याचा पगार कमी, कपडे कमी, जखमी झाला तर पेन्शनही कमी. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायाचं नावसुद्धा कोरलं नाही, पलटणीखाली नुसता आकडा टाकला. मग मेहतराची काय कथा!

आणि इथे आपल्यालाही बोलायचं आहे. साताऱ्यात ज्या सुभेदार रामजींच्या घरात बाबासाहेबांचं बालपण गेलं, त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास इंग्रजांनी महारांसाठी लष्करभरतीचं दारच बंद केलं. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१७ ला १११ महार पलटण उभी राहिली, युद्धानंतर मोडली. १९४१ ला बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट आली. आपण हा इतिहास शौर्याच्या बाजूने पाठ केला. श्रीलंकेत ८ महारच्या मेजर परमेश्वरन यांना मिळालेलं परमवीर चक्र आपण अभिमानाने सांगतो. त्याच मोहिमेतून आजार घेऊन परतलेल्यांचे कागद कुणी पाहिले?

कारण कागद म्हणजेच पेन्शन. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे आजारामुळेच जवानाला काढलं, तर तो आजार सेवेमुळे झाला असंच धरायचं, नाही म्हणायचं तर पुरावा सरकारने द्यायचा. तरीही माणसं वर्षानुवर्षं न्यायाधिकरणात खेटे घालतात. आज जवान संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर काँगोत, दक्षिण सुदानमध्ये जातात. तिथला मलेरिया कधी कधी परतल्यावर महिन्यांनी डोकं वर काढतो. तिथे कुठली लस टोचली, कुठली गोळी दिली, ताप किती वेळा आला, याची प्रत जवानाच्या हातात नको का?

त्यात २०२२ पासून अग्निपथ. चार वर्षांनी चारातले तीन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही. आठवी पास मुलांसाठी त्यात ‘हाऊसकीपर’ आणि ‘मेसकीपर’ ही पदं आहेत. फॉलोअरचं इंग्रजी तेवढं सुधारलं. या पोराचा आजार पाचव्या वर्षी उठला तर तो कुठल्या दाराशी जाणार, हे भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

येत्या १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाण्याआधी आपापल्या तालुक्यातल्या पाच माजी सैनिकांच्या घरी जा. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा कागद मागा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच बसून लिहा, आणि घरी शिपायाची विधवा असेल तर तिला सोबत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.