राखीव माणूस

संक्रांतीला दुपारी चिकपेटेत आबांकडे तिळगूळ घ्यायला गेलो होतो. आबा मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. त्या बाजूची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हे त्यांचं काम. आबांचे थोरले भाऊ माझ्या जुन्या युनिटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बंगळूरला माझी बदली झाल्याचं कळताच त्यांनी फोन करून धाकट्या भावाचा पत्ता दिला होता.

मेट्रोच्या चिकपेट स्टेशनातून वर आलं की रेशमी साड्यांच्या दुकानांची गर्दी सुरू होते. त्यातून हातगाड्या चुकवत आत शिरलं की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं थांबावं अशी एक गल्ली लागते. तिथे पहिल्या मजल्यावर आबांची भट्टी आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ नंतर. तेव्हापासून या शहराला मराठी नवी नाही, आणि पेठेत आपण मराठीत बोललो तर कुणी वळून बघत नाही. आबांकडे त्या दिवशी तिळगुळाबरोबर इथला एळ्ळु-बेल्लाही होता. तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे सगळं सुटं सुटं.

गप्पा निघाल्या त्या विमानांच्या. कारण आबांचा मुलगा. आज तो वडिलांबरोबर भट्टीवर बसतो, पण २०१८ ते २०२० अशी दोन वर्षं तो देवनहळ्ळीच्या विमानतळावर एका कंत्राटदाराकडे कामाला होता. विमान जागेवर आणणं, सामान चढवणं-उतरवणं, निघताना मागे ढकलताना हेडसेट लावून वैमानिकाशी बोलणं अशी कामं. पहाटेच्या पाळीसाठी चिकपेटेतून रात्री एक वाजता निघायचा. २५ मार्च २०२० ला देशातली विमानं थांबली, २५ मे रोजी पुन्हा उडायला लागली. याला मात्र जूनमध्ये फोन आला की येऊ नकोस. कंत्राटदाराचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. २०२२ मध्ये प्रवासी परतले तेव्हा त्याच लोकांनी पुन्हा बोलावलं. हा गेला नाही.

"का रे?" मी विचारलं.

"साहेब, आधी आम्ही एका विमानाला सहा जण होतो. नंतर चारांत तेच काम होतं. चौघांना जमतंय म्हटल्यावर सहा परत कोण ठेवंल?"

डिसेंबरमध्ये जे झालं त्यावर मी बरंच वाचलं, पण या एका वाक्याइतकं नेमकं काही वाचनात आलं नाही.

डिसेंबरमध्ये काय झालं ते थोडक्यात. वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे नवे नियम डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीच्या वेळात सहाच्या जागी दोनच लँडिंग. विमान कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ज्या एका कंपनीकडे आहेत त्या इंडिगोचं वेळापत्रक डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. दिल्लीहून त्या कंपनीचं एकही देशांतर्गत विमान मध्यरात्रीपर्यंत सुटलं नाही. उरलेल्या तिकिटांचे भाव इतके चढले की सरकारला अंतराप्रमाणे भाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली.

जाहीर होऊन जवळजवळ दोन वर्षं झालेल्या नियमाला फौजेत कुणी अचानक म्हणणार नाही. दोन वर्षांची पूर्वसूचना मिळाल्यावर तयारी नसेल तर आमच्याकडे चौकशी बसते.

पण मला लिहायचंय ते त्याच दिवशी, ५ डिसेंबरला, घेतलेल्या एका छोट्या निर्णयाबद्दल. नव्या नियमांत एक कलम होतं: आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही. म्हणजे वैमानिकानं दोन दिवस रजा घेतली तर तीच त्याची विश्रांती समजायची नाही. गोंधळ निस्तरण्यासाठी हे कलम सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं गेलं. इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. सूट निदान मुदतीची होती. कलमाचं काय?

रजा आणि विश्रांती यांतला फरक सैनिकाच्या घरच्यांना समजावून सांगावा लागत नाही. आमचा जवान ६० दिवसांच्या वार्षिक रजेवर जातो तेव्हा विहिरीची मोटर दुरुस्त करतो, बहिणीचं लग्न उरकतो, तलाठ्याकडे खेटे घालतो, बांधावरून भावाशी भांडतो आणि दोन दिवस रेल्वेत उभा राहून परत येतो. आल्यावर पहिले दोन दिवस त्याला पापणी उघडत नाही. रजा घरच्यांसाठी असते. विश्रांती मात्र कामाचाच भाग आहे, जशी बंदुकीची सफाई. एकाची भरपाई दुसऱ्यातून करणं म्हणजे जवानाच्या डब्यातली पोळी काढून ती त्यालाच रेशन म्हणून देणं.

खडकवासल्याला आम्हाला झोपेची किंमत कुणी शिकवली नाही. पहाटेच्या पीटीनंतर वर्गात डोळा लागला नाही असा कॅडेट मी पाहिलेला नाही, आणि न झोपता तगून राहणं ही आम्ही मर्दुमकी समजायचो. किंमत कळली ती युनिटमध्ये, गार्ड ड्यूटीच्या रोस्टरवर सही करायला लागलो तेव्हा. एका जागी एक संत्री उभा करायचा तर तीन जवान आणि एक गार्ड कमांडर लागतो. दोन तास पहारा, चार तास आराम. बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल, एक उभा आहे आणि दोन लोळत पडलेत. ते दोन लोळतात म्हणून तो एक जागा असतो. कुणी हिशेबी माणसानं तीनचे दोन केले, तर पहिल्या रात्री काहीच बिघडणार नाही. दुसऱ्याही नाही. महिनाभर सगळं सुरळीत चालेल आणि त्याला शाबासकीही मिळेल.

मंगळूरची गोष्ट याच राज्यातली आहे. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशीत निष्पन्न झालं की उतरण्याची दिशा-उंची चुकत असतानाही कॅप्टननं उतरणं सोडून दिलं नाही. आणि त्याआधी तो प्रवासात तास-दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज होता. गाढ झोपेतून उठलेल्या मेंदूला भानावर यायला वेळ लागतो, याचाही चौकशी अहवालानं विचार केला. रात्रीचे नियम कशासाठी आहेत हे ज्याला कळत नाही त्यानं तो अहवाल वाचावा.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी ईशान्येकडच्या पोस्टिंगवर असताना मी रजेवर निघालो होतो. त्याच विमानात आमचा एक जवान होता. आदल्या रात्री त्याचे वडील वारल्याचा फोन आला होता. विमान आधी दोन तास उशीर, मग तीन. शेवटी गेटवर वैमानिक स्वतः आली आणि तिनं सांगितलं की तिच्या कामाची मर्यादा संपली आहे, बदली वैमानिक नाही, उड्डाण होणार नाही. लोक ओरडायला लागले. मी वर्दीत होतो. वर्दीचा जेवढा दाब टाकता येतो तेवढा टाकून मी तिला बाजूला घेतलं आणि जवानाकडे बोट दाखवून म्हणालो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "सर, उडवता येईल मला. पण मी उडवू नये."

त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. जवान तिसऱ्या दिवशी घरी पोचला. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. थोरला असून अग्नी धाकट्यानं दिला. तो यावर माझ्याशी कधीही बोलला नाही. मात्र त्यानंतर कितीही लांबचा प्रवास असो, तो रेल्वेनंच जातो.

तिचं बरोबर होतं हे मान्य करायला मला बराच काळ लागला. चूक तिची नव्हती. तिच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस त्या तळावर नव्हता, ही चूक होती. ती कुठल्या तरी दूरच्या कार्यालयात आधीच झालेली होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रोनं दिवसाला एक लाखाहून जास्त प्रवासी सोडणार नाही असं जाहीर केलं, कारण माणसंच नव्हती. ॲमस्टरडॅमच्या स्किफोलवर रांगा इमारतीबाहेर गेल्या आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या प्रमुखानं राजीनामा दिला. आपल्याकडे त्याच वर्षी २ जुलैला इंडिगोची निम्म्याहून अधिक विमानं उशिरा सुटली. बरेच केबिन कर्मचारी एकाच दिवशी आजारी पडले होते, आणि ते एअर इंडियाच्या मुलाखतींना गेल्याची चर्चा होती. महामारीत काढलेली माणसं परत बोलावली की येतील, हा हिशेब सगळीकडेच चुकला. आलेल्या नव्या माणसालाही लगेच कामावर उभं करता येत नाही. धावपट्टीच्या बाजूला जायचं तर पोलीस पडताळणी हवी, प्रवेशाचा पास हवा, प्रशिक्षण हवं. वैमानिकाचं तर आणखी लांब. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, कॅप्टनच्या परवान्याला १,५०० तास. कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते, ती कशासाठी ते यावरून कळावं. आम्हा फौजींनाही हे नवं नाही. महामारीत दोन वर्षं भरती रखडली. त्याबद्दल वर्दीत असेपर्यंत मी यापुढे लिहिणार नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे, ती नाकारत नाही. जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट २०२३ मध्ये. जमिनीवर उभं असलेलं विमान दर तासाला पैसा खातं, म्हणून ते रात्रीही उडवावंसं वाटतं. आणि रात्रीची ती स्वस्त तिकिटं काढतो कोण? मीच. पहाटे पाचचं विमान पाचशे रुपयांनी स्वस्त म्हणून मी बायको-मुलांना कितीदा रात्री दोनला उठवलंय. विमानं कमी झाली तर तिकीट महागेल, रजेवर निघालेल्या जवानाच्या खिशाला ते लागेल, हे मला कळतं. तरीही माझं म्हणणं असं, की सरकारनं डिसेंबरमध्ये कंपनीला वेळापत्रक दहा टक्क्यांनी कमी करायला लावलं तो उपाय योग्य दिशेचा होता. माणसं जेवढी, विमानं तेवढी. झोपेचे नियम सैल करण्याचा उपाय त्याच आठवड्यात झाला, तो चुकीचा. अशी सूट पुन्हा देऊ नये, आणि रजेला विश्रांती न समजण्याचं कलम परत आणावं. ते आणताना प्रत्येक तळावर राखीव वैमानिक किती ठेवलेत हे कंपनीनं लेखी द्यावं. युनिटची ताकद विचारताना आम्ही कागदावरचा आकडा विचारत नाही, आज हजर किती ते विचारतो.

आबा हे सगळं ऐकत मूस साफ करत होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या धंद्यात असं होतं का?

"व्हतंय की. शंभर ग्रॅम माल आला म्हणून शंभर ग्रॅम सोनं परत देतो असं सांगणारा एक जण आला हुता या गल्लीत. भट्टीत घट व्हतीच. आपण ती आधी सांगतो, गिऱ्हाईक कुरकुरतंय. त्यानं सांगितली न्हाई. गिऱ्हाईकं तिकडं पळाली."

"मग?"

"मग काय? वर्षात गाळा बंद."

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. डिसेंबरपासून त्याच्या जुन्या सुपरवायझरचे फोन येतायत, हा तिसरा. पगार यंदा खरंच बरा देतायत असं दिसलं, कारण आबांनीही हातातलं काम थांबवून कान दिला. पोरगा हसत हसत कन्नडमध्ये बोलत होता. शेवटी त्यानं एकच प्रश्न विचारला, तेवढं कन्नड मला आता कळतं: एका विमानाला किती जण?

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. त्यानं फोन ठेवला, भट्टीची आच वाढवली आणि मला म्हणाला, "साहेब, चहा घेऊनच जावा."