दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

गेल्या सोमवारी दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई रांगेत बसून गॅसवाल्याशी झालेले भांडण सांगत होत्या. सिलिंडर वरच्या मजल्यावर आणून देण्याचे तो जादा पैसे मागत होता. "पावती दे म्हटलं, तसा गुमान गेला," असे त्या म्हणाल्या. शेजारचे निवृत्त गुरुजी हसून म्हणाले, "बाई, तुम्ही अगदी रजनी आहात!" आमच्या तरुण कंपाउंडरला काही समजले नाही. चाळिशीच्या आतल्या वाचकांनाही समजणार नाही, म्हणून थोडे सांगतो.

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची 'रजनी' ही मालिका लागत असे. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या भवानी पेठेतल्या बोळात एकाच घरी टी.व्ही. होता. त्या घराच्या खिडकीलाही माणसे लटकलेली असत. एक साधी गृहिणी, पण गॅसवाला असो, टॅक्सीवाला असो की सरकारी कारकून, ती कुणालाच सोडत नसे. टॅक्सीचालकांवरचा भाग दाखवला तेव्हा मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी निषेध केला होता, इतकी ती लोकांना खरी वाटे. आमची आई तर दुकानदाराने वजनात मारले की "थांब, रजनीला सांगते" म्हणायची!

ही रजनी म्हणजे प्रिया तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) तिने काम केले, 'थोरली जाऊ', 'माहेरची माणसं' असे मराठी चित्रपट केले, 'ज्याचा त्याचा प्रश्न'सारखी पुस्तके लिहिली. नव्वदच्या दशकात तिचा स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम टी.व्ही.वर आला. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. अठ्ठेचाळिसावे वर्ष पूर्ण व्हायला एक महिना कमी होता. त्याआधी तिला स्तनाच्या कर्करोगाशी झुंजावे लागले होते.

तिचे हृदय का थकले, हे मी सांगणे योग्य नाही. पण कर्करोगावरील काही औषधांनी आणि डाव्या बाजूच्या किरणोपचाराने हृदयावर परिणाम होऊ शकतो. हे उपचार झालेल्या रुग्णाने धाप, पायांवरची सूज, छातीतली धडधड अंगावर काढू नये.

त्या वेळी माझ्या दवाखान्यातही आठवडाभर रजनीचाच विषय होता. "बिचारी गेली," असे सगळ्या म्हणत. कशाने गेली, हे मात्र कुजबुजत बोलत. मीही कुणाला चार शब्द समजावून सांगितले नाहीत.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. विड्या वळणाऱ्या एक अक्का पाठदुखीसाठी आल्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसायचे, पाठ दुखणारच. गोळ्या लिहून दिल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, छातीत एक गाठ लागतीया. दुखत नाही पण." बाहेर वीस माणसे खोळंबलेली. दवाखान्यात बाईमाणूस कुणी नव्हते. खरे सांगायचे तर त्यांच्यापेक्षा मलाच अवघडल्यासारखे झाले. मी म्हणालो, "दुखत नाही ना? मग पाळी झाल्यावर बघू." पुन्हा आल्या त्या श्रावणात. गाठ तोवर कातडी फोडून बाहेर आली होती. इतके दिवस का थांबलात, असे विचारण्याचा आगाऊपणा मी केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं काही नसंल."

त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात पाठवले. उपचार झाले, पण दीड वर्षाने त्या गेल्या. माझी चूक एवढीच होती की दोन मिनिटे हात लावून तपासले नाही. एवढीशी वाटते, पण तेवीस वर्षे झाली तरी ती मला पुरते.

स्त्रिया लाजतात म्हणून उशीर होतो, असे आम्ही डॉक्टर सभांमधून सांगत असतो. हे अर्धेच खरे आहे. त्या अक्का लाजल्या नव्हत्या, सांगून मोकळ्या झाल्या होत्या. लाजलो मी. माझ्यासारखे आणखी किती असतील, हे माझ्या व्यवसायबंधूंनी स्वतःला विचारावे.

आपल्या जिल्ह्याला तर हे अवघड नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगाव कार्यकर्ते फिरले, बायकांशी बोलले. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्यापेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. कुणीतरी घरी येऊन विचारले, एवढ्यानेच हा फरक पडला.

स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे आधी लक्षात घ्या. पण न दुखणारी, कडक, जागची न हलणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारा रक्ताळ स्राव, काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी महिन्यातून एकदा आपला हात आपणच फिरवून बघावा. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख ठरवावी. सुई घालून तपासले की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. लवकर सापडले तर पुष्कळदा स्तन न काढता फक्त गाठ काढून भागते. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, शिधापत्रिका घेऊन चौकशी करावी.

आता माझ्या दवाखान्यात एक परिचारिका बसते. तिशीच्या पुढची बाई खोकल्यासाठी आली तरी ती पडद्याआड विचारते. सोमवारी गॅसवाल्याला पळवून लावणाऱ्या त्या बाईंनाही तिने विचारले. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आहे थोडं, डाव्या बाजूला. दिवाळीपासून." उद्या त्यांचा रिपोर्ट यायचा आहे.