फोनला ‘सॉफ्टवेअर मारण्या’आधी निदान करा

ओपीडीत रुग्णाकडे जुना ईसीजी किंवा साखरेच्या नोंदी मागितल्या, की हल्ली एक उत्तर वरचेवर ऐकू येते : ‘डॉक्टर, फोनला सॉफ्टवेअर मारलं, त्यात सगळं गेलं.’ छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी वाचताना त्याचा जुना ईसीजी हाताशी असला, तर आज दिसणारा बदल नवा की आधीपासूनचा, हे लगेच कळते. ईसीजीचा थर्मल कागद काही वर्षांत फिका पडतो, म्हणून लोक त्याचा फोटो काढून ठेवतात. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या अनेकांची केसफाइल म्हणजे फोनची गॅलरीच असते. त्यामुळे फोन पुन्हा पुन्हा फ्लॅश करणे खरोखर गरजेचे आहे का, हा प्रश्न डॉक्टरच्याही काळजीचा आहे. माझे उत्तर आहे : बहुतेक वेळा नाही.

फर्मवेअर म्हणजे कंपनीने फोनमध्ये घातलेले मूळ सॉफ्टवेअर. ते नव्याने लिहिणे म्हणजे फ्लॅशिंग. त्यात बहुधा आपला सगळा डेटा पुसला जातो. त्यानंतर फोन काही दिवस हलका वाटतो, कारण तो रिकामा झालेला असतो. पुन्हा तेच फोटो, तेच व्हिडिओ, तीच ॲप्स भरली, की फोन पूर्वीसारखाच अडखळू लागतो आणि आपण पुन्हा दुकानाची पायरी चढतो. हे साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेण्यासारखे आहे. सर्दी आपसूक बरी होते आणि श्रेय गोळीला मिळते.

फोन मंद चालणे हे तापासारखे लक्षण आहे, तो स्वतः आजार नव्हे. जागा भरली असेल, तर साफसफाई पुरते. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये धूळ किंवा पावसाळी ओल असेल, तर सॉफ्टवेअर बदलून काय होणार? बॅटरीलाही वय असते. अनेक फोनमध्ये सुमारे ५०० पूर्ण चार्जिंगनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. त्या फोनना वेग परत मिळाला तो नवी बॅटरी घातल्यावर.

फ्लॅशिंग कधीच करू नये, असे मात्र नाही. फोन कंपनीच्या लोगोवरच अडकला, अपडेट अर्धवट तुटले किंवा व्हायरस खोलवर रुजला, तर तोच इलाज आहे. २०१९ मध्ये आढळलेला ‘एक्सहेल्पर’ फॅक्टरी रीसेटनंतरही परत येत असे. तिथे फ्लॅशिंगचा सल्ला योग्यच होता. पण शस्त्रक्रिया गरजेला करायची असते, दर सहा महिन्यांनी नव्हे. चुकीची फाइल पडली तर फोन कायमचा बंद पडू शकतो किंवा आयएमईआय क्रमांक पुसला जाऊन नेटवर्क जाऊ शकते. अनधिकृत सॉफ्टवेअर असेल, तर बँकांची ॲप्स अनेकदा चालत नाहीत.

हे वाचून कुणी अपडेटही बंद करू नये. कंपनीकडून येणारे सुरक्षा अपडेट वेगळे. ते लसीसारखे असते, डेटा न पुसता सापडलेली फट बुजवते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधल्या अनेक सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले आणि हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्या फटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पुढच्याच महिन्यात, पसरण्यासाठी तीच फट वापरणारा ‘नॉटपेट्या’ आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोहोचला आणि तिथले कामकाज विस्कळीत झाले. ते संगणक होते, पण नियम फोनलाही तोच.

मग करायचे काय? फोन हळू झाला तर आधी तो बंद करून सुरू करा, जागा तपासा, नको ती ॲप्स काढा, बॅटरीची तब्येत पाहा. एवढ्याने जमले नाही आणि दुकानात जावेच लागले, तर आधी प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर ठेवा. ईसीजीची झेरॉक्स काढून फाइलला लावा. ग्लुकोमीटरच्या नोंदी साध्या वहीतही उतरवा. आणि दुरुस्ती करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : ‘नेमकं काय बिघडलंय?’ त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय फोन पुसायला परवानगी देऊ नका.