जंतूंचा जमाखर्च आणि विहिरीचे पाणी

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव क्विंटलमागे शे-दोनशे रुपयांनी ढळला की त्याची वार्ता दिल्लीपर्यंत पोचते. त्याच परिसरातील विहिरींत शेतीऔषधांचे किती अंश उतरले असतील, याची चर्चा मात्र क्वचितच होते. औषध मातीत जिरते आणि जंतू ते खाऊन टाकतात, या समजुतीवर सारे निश्चिंत असतात. ही समजूत खोटी नव्हे; अपुरी आहे.

मातीतील सूक्ष्मजंतूंचे सामर्थ्य मोठे आहे. एका जातीने रेणू तोडावा आणि उरलेल्या तुकड्यावर दुसरीने उपजीविका करावी, असा हा सहकार आहे. आपल्या कित्येक सहकारी संस्थांहून तो अधिक शिस्तीचा म्हणावा लागेल. द्राक्षवेलींवरच आढळणारे बॅसिलस जातीचे जिवाणू प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे विघटन करतात, हे पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले.

परंतु जंतूंनाही जमाखर्च चुकलेला नाही. नुसते जिवंत राहण्यासाठीही त्यांची काही ऊर्जा खर्ची पडते. पाण्यातील द्रव्य इतके विरळ झाले की त्यातून हा खर्चही भागू नये, तर केवळ त्याच्यावर जंतूंची वाढ होत नाही. दुसरे सेंद्रिय अन्न मुबलक असेल तर त्याच्या जोडीने हे अंशही पचतात. म्हणून शेणखताने पोसलेल्या मातीत विघटन सहसा चालू राहते. खोल भूजलात अन्नही थोडे आणि जंतूही थोडे. तेथे पोचलेला अंश वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. युरोपने १९८० साली पिण्याच्या पाण्यातील कोणत्याही एका कीटकनाशकास लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. जंतूंची भूक याच्या कितीतरी वरच मंदावू शकते.

निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी, नमुना आणि प्रयोगशाळेचा दाखला ही साखळी आपण उभी केली आहे. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात माल अडला, तेव्हा तोटा रुपयांत मोजता आला आणि सर्वांची झोप उडाली. विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेतमजुराचा तोटा कोणत्याच पावतीवर येत नाही. परदेशी ग्राहकासाठी जी तपासणी परवडते, ती निफाड तालुक्यातील विहिरींसाठी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, का परवडू नये? पैशाचा प्रश्न निघेलच. तो खर्च औषधांच्या विक्रीवरील अल्पशा उपकरातून भागवावा, आणि तपासणीचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.