अध्यक्षपदही राखीव करा

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या शिवारात हळद निघते. ढेकळांतून कंद वेचायचे, गड्ड्यापासून हळकुंडं मोडायची, शिजवलेला माल उन्हात पसरायचा आणि पुन्हा पुन्हा हलवायचा, ही कामं मुख्यतः बायाच करतात. तोच माल मोंढ्यात गेला की सौदा आणि पट्टी पुरुषांच्या हाती. मोंढ्याचा कारभार पाहणाऱ्या बाजार समितीत १८ संचालक असतात आणि महिलांसाठी राखीव जागा दोन. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळात २१ जणांपर्यंत जागा, तिथेही राखीव दोनच. सभापती आणि अध्यक्ष ही पदं राखीव नाहीतच.

गावाने मात्र वेगळा रस्ता धरला. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून सदस्यत्वाबरोबर सरपंचपदांतही महिलांसाठी वाटा राखून ठेवला. २०११ साली महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला. म्हणून आज हिंगोली जिल्ह्यातही सरपंच बाई हे नवल राहिलेलं नाही. सहकारात पंचवीस-तीस वर्षं फारसं काही हललं नाही, कारण तिथे खुर्चीला कुणी हातच लावला नाही. कंपन्यांचंही तसंच. २०१३च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. मुख्य अधिकाऱ्याच्या पदाबद्दल कायदा गप्प आहे. नॉर्वेने २००३ साली संचालक मंडळात चाळीस टक्क्यांचा कायदा केला. मंडळं बदलली, पण कंपनी चालवणारे मुख्यतः पुरुषच राहिले.

‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ हा आक्षेप खोटा नाही. अनेक गावांत तसं चालतं. पण पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याच्या अभ्यासात दिसलं, की सरपंचपद दोनदा महिलांसाठी राखीव राहिलेल्या ठिकाणी पुढे खुल्या जागांवरही बायका जास्त संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. सवय लागायला वेळ लागतो, तो द्यावा लागतो. पात्रतेचं म्हणाल तर संचालकाच्या मुलाला पॅनलमध्ये घेताना तो प्रश्न कुणी काढत नाही. शिवाय याच हिंगोलीने सूर्यकांता पाटील यांना १९९८ आणि २००४ साली खुल्या मतदारसंघातून लोकसभेवर पाठवलं. पुढे त्या केंद्रात राज्यमंत्री झाल्या. मतदार आडवा येत नाही.

आडवा येतो तो सातबारा. कारखान्याचा सभासद व्हायला उसाचं रान नावावर लागतं, आणि रान नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. सभासदच नाही, तर अध्यक्ष कुठून होणार? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची, हाक दिली ती याच ठिकाणी बोट ठेवून.

माझी मागणी सरळ आहे: सहकारी कारखाने आणि बाजार समित्यांची अध्यक्षपदं जिल्हा परिषदेप्रमाणे आळीपाळीने महिलांना राखून ठेवा. त्यासाठी कायदा बदलायला हवा आणि ते विधिमंडळाचं काम आहे. सातबाऱ्याचं काम मात्र आपलं आहे. पुढच्या निवडणुकीची मतदारयादी लागण्याआधी घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवा आणि गावच्या सहकारी सोसायटीचा शेअर तिच्या नावाने घ्या.