आज रोख, उद्या उधार

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी एकेकाळी महाराष्ट्रातील गावोगावच्या किराणा दुकानांत गल्ल्यामागे टांगलेली असे. ती वाचून गिऱ्हाईक हसे, क्वचित रागावेही. परंतु व्यापाराचे एक जुने शहाणपण त्या चार शब्दांत साठवलेले होते. माल एका हाताने जावा आणि पैसा त्याच वेळी दुसऱ्या हातात यावा. या दोन क्रियांमध्ये जितके अंतर पडेल तितकी लबाडीला जागा मिळते, हे दुकानदाराला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. आज प्रत्येक घराला दुकान मांडण्याची सोय झाली आहे. बदलीच्या गावी नेता न येणारे सागवानी कपाट, मुलाने दोन वर्षे वापरून बाजूला ठेवलेला कॅमेरा, मिरजेहून हौसेने आणलेला तानपुरा, यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून चार ओळींची जाहिरात दिली की तासाभरात गिऱ्हाइकाचा फोन येतो. दुकान घरात आले. दुकानदाराची पाटी मात्र आली नाही. ऑनलाइन बाजारात वस्तू विकणाऱ्यांची जी फसवणूक चालली आहे, तिचे मूळ शोधू गेल्यास ते या उणिवेत सापडते.

फसतो तो खरेदीदार, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि आपले ग्राहकविषयक कायदेही त्याच गृहीतावर उभे आहेत. वस्तू विकणारा गृहस्थ फसू शकतो, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटते. म्हणूनच तो अधिक सहज फसतो.

गिऱ्हाइकाचे सोंग

या फसवणुकीची रीत आता जवळजवळ ठरून गेली आहे. जाहिरात झळकताच फोन येतो. बोलणारा स्वतःला लष्करातील अथवा निमलष्करी दलातील अधिकारी म्हणवतो आणि आपली बदली नुकतीच याच शहरात झाल्याचे सांगतो. कपाटाची किंमत पंचवीस हजार सांगितली तर तो घासाघीस करीत नाही. वस्तू प्रत्यक्ष पाहण्याचीही त्याला निकड नसते. छावणीतून माणूस आणि गाडी येऊन घेऊन जाईल, असे तो म्हणतो. विश्वास बसावा म्हणून ओळखपत्राचे आणि गणवेशातील छायाचित्र पाठवतो. ही छायाचित्रे अनेकदा कोणा खऱ्या जवानाचीच, परंतु चोरलेली असतात. त्यानंतर तो पाच रुपये पाठवतो आणि ते विक्रेत्याच्या खात्यात खरोखरच जमा होतात. संशयाचा उरलासुरला अंश येथे मावळतो. मग येतो तो काळा-पांढरा क्यूआर कोड. हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन द्या, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील, अशी सूचना मिळते. पिन दिला जातो आणि पंचवीस हजार रुपये येण्याऐवजी जातात. विक्रेता घाबरून फोन करतो, तेव्हा पलीकडचा आवाज दिलगिरी व्यक्त करतो. काही तांत्रिक चूक झाली असावी, पुन्हा एकदा करा म्हणजे दोन्ही रकमा एकदम येतील, असे समजावतो. दुसऱ्यांदा फसणारेही थोडे नाहीत.

यूपीआय ही पद्धत २०१६ साली आली. तिच्या सोपेपणामुळे ती भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वत्र पोहोचली. परंतु तिचा एक मूलभूत नियम सोपेपणाच्या गदारोळात लोकांच्या मनावर ठसलाच नाही. पिन म्हणजे धनादेशावरील सही होय. ती पैसे देण्यासाठी असते. घेण्यासाठी कधीही लागत नाही. स्वतःला पैसे मिळावेत म्हणून आपल्याच धनादेशावर सही करून तो परक्याच्या हाती द्या, असे कोणी सांगितले असते तर अल्पशिक्षित माणूसही सावध झाला असता. मोबाइलच्या पडद्यावर तीच गोष्ट चिन्हांच्या रूपात समोर आली, तेव्हा पदवीधरही चकले. यात अज्ञानापेक्षा व्यवहाराच्या अदृश्यतेचा भाग मोठा आहे. दृष्टीआड सृष्टी, हेच खरे.

याखेरीज अन्य युक्त्याही आहेत. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून वस्तू उचलून नेणे ही त्यांतील सर्वांत उघड. बँकेच्या संदेशासारखा दिसणारा खोटा संदेश पाठवायचा, अडीच हजारांऐवजी चुकून पंचवीस हजार गेले असे रडवेल्या स्वरात सांगायचे आणि ‘जादा’ रक्कम परत मागायची, ही दुसरी. अमेरिकेत शिक्षण संपवून परतताना घरातील सामान विकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही तिचा थोडा निराळा अवतार भेटतो. तेथे गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा धनादेश देते आणि फरक परत मागते. बँक ती रक्कम लगेच खात्यात दाखवते. धनादेश खोटा निघाल्याचे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उघडकीस येते. देश निराळा, साधन निराळे. पण पैसे आल्याची खूण आणि पैसे येणे यांत गल्लत घडवून आणण्याची कला एकच.

बाजाराचे हरवलेले पहारेकरी

जुना बाजार सज्जनांचाच होता, असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्याने लबाडीला आवर घालणाऱ्या काही संस्था घडवल्या होत्या. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारा दलाल दोन्ही पक्षांना ओळखीचा असे. सराफ नाणे वाजवून आणि सोने कसोटीवर घासून पाही. मोठ्या व्यवहारात विसार दिला जाई, आणि तो देणारा खरेदीदार असे. आज विक्रेत्याकडूनच नोंदणीचे, वाहतुकीचे अथवा परत मिळणाऱ्या अनामतीचे पैसे मागणारे गिऱ्हाईक भेटते, तेव्हा विसाराची ही उलटी गंगा पाहूनच शंका यावयास हवी. दलालाची दलाली, सराफाची मजुरी, साक्षीदारांचा चहा, हा सारा खर्च खरे म्हणजे विश्वासाची किंमत होती. ऑनलाइन बाजाराने मध्यस्थ हटवून व्यवहार स्वस्त केला, असे सांगितले जाते. गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च त्याने जवळजवळ शून्यावर आणला, हे खरे. गिऱ्हाईक पारखण्याचा खर्च मात्र नाहीसा झाला नाही. तो गाजावाजा न करता एकट्या विक्रेत्याच्या माथी मारण्यात आला.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये ज्या कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा तो पाया होता. विक्रेत्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. या विषम माहितीमुळे चांगल्या मोटारी बाजारातून हटतात आणि बाजारच आकसतो, असा त्यांचा मुद्दा होता. येथे ही विषमता उलटी झाली आहे. विक्रेता आपली वस्तू, तिची किंमत, आपला परिसर आणि फोन क्रमांक, फार काय, आपली निकडही जाहीर करून बसतो. खरेदीदार मात्र केवळ एक आवाज असतो. परिणाम तोच होतो. दोन-चार खोट्या गिऱ्हाइकांचा अनुभव आला की गृहस्थ खऱ्या गिऱ्हाइकालाही उभे करीत नाही. कॅमेरा माळ्यावर पडून राहतो आणि कपाट भंगारवाल्याला कवडीमोलाने जाते. ज्या तरुणाला तो कॅमेरा निम्म्या किमतीत मिळाला असता, त्याचेही नुकसान होते. फसवणुकीच्या आकड्यांत हे नुकसान कधीच मोजले जात नाही.

कायद्याचा कल

वस्तू गेल्यावर कायदा कितपत साहाय्य करतो? लंडनमधील एका जवाहिऱ्याचा खटला येथे बोधप्रद आहे. १९१९ मध्ये निकाल लागलेल्या ‘फिलिप्स विरुद्ध ब्रुक्स’ या खटल्यातील गिऱ्हाइकाने स्वतःला सर जॉर्ज बुलो म्हणवून प्रतिष्ठित वस्तीतील पत्ता दिला होता. जवाहिऱ्याने नामावली उघडून पाहिली. त्या पत्त्यावर त्या नावाचे गृहस्थ खरोखरच राहत होते. तीन हजार पौंडांचा धनादेश लिहून, उद्या पत्नीचा वाढदिवस आहे अशी सबब सांगत, त्या भामट्याने साडेचारशे पौंडांची अंगठी लगेच नेली आणि गहाण टाकली. धनादेश अर्थातच वटला नाही. न्यायालयाने अंगठीवरील हक्क प्रामाणिकपणे ती गहाण घेणाऱ्याचा मानला. नाव खरे होते. समोरचा माणूस तो नव्हता. चोरलेल्या ओळखपत्राची युक्ती आणि घाईची सबब या दोन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वीही इतक्याच उपयोगी पडत होत्या.

भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २९ याच विचाराचे आहे. लबाडीने झालेला करार विक्रेत्याने रद्द करण्यापूर्वी वस्तू तिसऱ्या प्रामाणिक खरेदीदाराकडे गेली, तर तिच्यावर त्याचा हक्क बसू शकतो. त्याच कायद्याने पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला आपल्या ताब्यातील माल अडवून धरण्याचा अधिकार दिला आहे. सारांश, वस्तू हातात आहे तोवर कायदा विक्रेत्याच्या पाठीशी उभा असतो. ती हातातून गेली की तो पोलीस ठाण्याच्या रांगेत उभा राहतो.

पैशांच्या बाबतीतही असेच आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीवर मर्यादा घातली. परंतु ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच, असेही त्यात म्हटले होते. ज्याने स्वतःच्या हाताने पिन दिला, त्याची बाजू येथे लंगडी पडते.

याहून विचित्र संकट प्रामाणिक व सावध विक्रेत्यावरही येते. समजा, पैसे खरोखर जमा झाले आणि वस्तू दिली. काही दिवसांनी खाते गोठवल्याचे कळते, कारण आलेली रक्कम कोणा तिसऱ्याला फसवून मिळवलेली होती आणि पोलिसांनी तिचा माग काढला होता. चोरीच्या पैशांचे झटपट सोन्यात वा महागड्या फोनमध्ये रूपांतर करण्याचा हा मार्ग असून त्यात विक्रेता नकळत साधन बनतो. अशा वेळी खरेदीदाराच्या ओळखीची नोंद आणि विक्रीची सही केलेली पावती हाच त्याचा आधार असतो.

केवळ सावधगिरीचा उपदेश पुरेसा नाही

विक्रेत्याने काय करावे, हे सांगणे कठीण नाही. व्यवहार समोरासमोर, दिवसाउजेडी आणि शक्य तर वर्दळीच्या जागी व्हावा. पैसे आले की नाही, हे गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहू नये, संदेशावरही विसंबू नये. आपल्या खात्यातील शिल्लक आपण उघडून पाहावी आणि मगच वस्तू सोडावी. पैसे घेताना कोड स्कॅन करण्याची किंवा पिन देण्याची मागणी झाली की संभाषण तेथेच संपवावे. परक्याच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. बिल व पेटी जपून ठेवावी, वस्तूचा क्रमांक टिपून ठेवावा, पावतीवर सही घ्यावी. आणि फसलोच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर व बँकेला कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी अडवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे रस्त्यात खड्डे ठेवून पादचाऱ्याला जपून चालण्यास सांगणे होय. व्यवस्थेची रचना बदलली की फसवणुकीची वाट कशी बंद होते, याचे उदाहरण समोरच आहे. दुसऱ्याकडून पैसे ‘मागण्याची’ जी सोय यूपीआयमध्ये होती, तिचा भामट्यांनी यथेच्छ उपयोग केला. प्रथम तिच्यावर दोन हजार रुपयांची मर्यादा आली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोयच बंद करण्यात आली. शेकडो जाहिरातींतील उपदेशाने जे साधले नसते ते एका नियमाने साधले. तथापि क्यूआर कोडची वाट अद्याप खुली आहे. पिन मागणाऱ्या पडद्यावर ‘तुमच्या खात्यातून एवढे रुपये जात आहेत’ हे वाक्य ठळक मराठीत दिसावे, अनोळखी खात्यात प्रथमच मोठी रक्कम जाताना काही काळ थांबा असावा, हे अशक्य नाही.

खरा प्रश्न बाजार चालवणाऱ्या कंपन्यांचा आहे. गावच्या आठवडी बाजारात गाळ्याची पट्टी घेणारी ग्रामपंचायत निदान दिवाबत्ती आणि रखवालदार पुरवते. ऑनलाइन बाजार गर्दीवर कमावतो, जाहिरातींवर कमावतो. पण त्या गर्दीत खिसा कापला गेला तर आपण केवळ मध्यस्थ, असे म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ कडे बोट दाखवतो. खरेदीदाराची ओळख पडताळणे, वस्तू पोचल्याची खात्री होईपर्यंत रक्कम तिसऱ्याकडे ठेवणे, एकदा तक्रार झालेला क्रमांक पुन्हा येऊ न देणे, यांस खर्च येतो आणि तो न केल्याचे नुकसान कंपनीला सोसावे लागत नाही. ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यावर नुकसानीचा काही भार पडल्यावाचून उपाय होत नाही, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत आहे. कायद्याने तो भार टाकला पाहिजे.

जुनी वस्तू विकणारा माणूस बहुधा श्रीमंत नसतो. फीसाठी, औषधासाठी, घर बदलण्यासाठी तो ती विकतो, आणि तशाच बेताच्या मिळकतीचा दुसरा ती घेतो. त्यांच्यामधला विश्वास ही या बाजाराची खरी पुंजी आहे. ती भामट्यांनी लुटावी आणि बाजारवाल्यांनी पाहत राहावे, हे फार काळ चालू देणे परवडणारे नाही. नियम येतील तेव्हा येतील. तोवर प्रत्येक घराने आपल्या या नव्या दुकानात ती जुनी पाटी पुन्हा टांगलेली बरी.